सतरंजी उचलणाऱ्याला अनावृत पत्र

नवीन पनवेल (पूर्व),
डिसेंबर २०२५

श्री. निष्ठावंत कार्यकर्ते,
भारतीय जनता पक्ष, पनवेल



हे पत्र उघडंच पाठवतोय, कारण तुमचा पत्ता माझ्याकडे नाही. चौकातल्या फ्लेक्सवर तुम्हाला शोधलं. वर दिल्लीचे, त्याखाली मुंबईचे, मग पनवेलचे, आणि मधोमध ज्यांचा वाढदिवस ते कमरेपर्यंत, हात जोडून. तुम्ही असलात तर अगदी तळाच्या पट्टीत, 'शुभेच्छुक' या शब्दाच्या पुढे. पण तुम्ही आहात हे पक्कं. महापालिकेच्या मतदानाची १५ जानेवारी ही तारीख जाहीर झाल्यापासून आदई सर्कलच्या टपरीपासून खांदा कॉलनीच्या कट्ट्यापर्यंत तुमचं एकच वाक्य कानावर येतंय: "आम्ही काय जन्मभर सतरंज्याच उचलायच्या?"

मी तुमच्या पक्षाचा सभासद नाही, विरोधकही नाही. सिडकोने बांधलेल्या घरात राहतो, महापालिकेला कर भरतो, आणि आजवर कमळाला मत दिलंय तसं इतरांनाही दिलंय. तुम्हा घरच्यांच्या भांडणात बाहेरच्याने तोंड घालू नये म्हणतात. पण या भांडणाचं बिल शेवटी माझ्या सोसायटीच्या नावाने फाटतं, म्हणून लिहितोय. तुमची तक्रार अर्धी खरी आहे. उरलेल्या अर्ध्या भागाबद्दल तुम्ही स्वतः कधी बोलत नाही.

खऱ्या भागापासून सुरुवात करू. पनवेल म्हणजे शेतकरी कामगार पक्षाचा गड. दि. बा. पाटील इथून पाच वेळा आमदार झाले, दोनदा खासदार झाले. सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध १९८४ च्या जानेवारीत उरण-पनवेलच्या शेतकऱ्यांनी लढा दिला, पाच जण पोलिसांच्या गोळीला बळी पडले आणि साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना त्या रक्तातून आली. पुढे १९९५, १९९९ आणि २००४ अशा लागोपाठ तीन निवडणुका विवेक पाटलांनी शेकापकडून जिंकल्या. अशा तालुक्यात आधी जनसंघाची पणती आणि मग कमळ घेऊन फिरणं म्हणजे राजकारण कमी आणि व्रत जास्त.

तुमच्यासारख्यांच्या घरी मतदानाच्या आदल्या रात्री काय चालायचं, ते मी पाहिलंय. ओटीवर मतदार याद्यांचे गठ्ठे, एक जण नाव आणि भाग क्रमांक वाचणार, दुसरा चिठ्ठीवर उतरवणार. नाव वगळलेलं निघालं की तिसरा चपला घालून त्या घरी विचारून येणार, आणि येताना कळवणार की आजी वारल्या, पण सून आता अठरा पूर्ण झालेल्या मुलाचं नाव घाला म्हणतेय. सकाळी मतदान केंद्रापासून २०० मीटरच्या बाहेर टेबल, त्यावर यादी, ती वाऱ्याने उडू नये म्हणून ठेवलेला दगड, आणि घरून आलेला डबा. संध्याकाळी टेबल परत मंडपवाल्याकडे. निकालात अनामत गेली तरी दुसऱ्या दिवशी शाखेची वेळ चुकायची नाही. हे सगळं कुणी पैशासाठी करत नव्हतं. म्हणून तुमचा राग मला लबाडीचा वाटत नाही.

मग २०१४ आलं. पनवेलचे तेव्हाचे काँग्रेस आमदार प्रशांत ठाकूर यांचं सायन-पनवेल महामार्गावरच्या खारघर टोलनाक्यावरून आपल्याच सरकारशी बिनसलं. स्थानिकांच्या गाड्यांना टोल नको, ही त्यांची मागणी. निवडणुकीच्या तोंडावर त्यांनी काँग्रेस सोडली आणि कमळ हाती घेतलं. वडील रामशेठ ठाकूर १९९८ आणि १९९९ साली शेकापचे खासदार होते, नंतर काँग्रेसमध्ये गेले. लाल बावटा, हात, कमळ असे तिन्ही झेंडे एकाच घराने पाहिले. नवीन पनवेलच्या घराघरातली पोरं ज्या चांगू काना ठाकूर महाविद्यालयात शिकली, त्यामागच्या या घराची ओळख आम्हाला कुठल्याही पक्षाच्या आधीची आहे.

त्या वेळी तुम्हाला कुणी विचारलं नाही. पेढे मात्र तुम्हीच वाटलेत. आणि का वाटू नयेत? त्याआधी पनवेलने कमळाचा आमदार कधी पाहिला नव्हता. २०१४ ला १३ हजारांचं मताधिक्य, २०१९ ला ९२ हजारांचं, २०२४ ला ५१ हजारांचं. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका झाली आणि मे २०१७ च्या पहिल्याच निवडणुकीत ७८ पैकी ५१ जागा तुमच्या. डॉ. कविता चौतमोल पहिल्या महापौर झाल्या. ओटीवरच्या चिठ्ठ्यांनी अर्ध्या शतकात जे झालं नव्हतं ते एका प्रवेशाने तीन वर्षांत झालं. तुमच्या तक्रारीत हा हिशेब कधी येत नाही, पण तो मांडल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

एकदा दार उघडल्यावर ते एकट्यासाठी उघडत नसतं. रायगडच्या आजच्या भाजपचा वंशवृक्ष काढायला घ्या. पेणमध्ये रविशेठ पाटील काँग्रेसमधून आले आणि २०१९ ला आमदार झाले. त्यांनी हरवलं ते शेकापच्या धैर्यशील पाटलांना. ते धैर्यशील पाटील २०२३ ला तुमच्या पक्षात आले आणि २०२४ ला राज्यसभेवर गेले. कोकण पदवीधर मतदारसंघात २०१८ पासून कमळावर निवडून येणारे निरंजन डावखरे त्याआधी राष्ट्रवादीचे आमदार होते. पेणमध्ये जे एकमेकांविरुद्ध लढले ते दोघेही आज तुमचे नेते, आणि तुम्ही ज्या दोघांविरुद्ध लढलात त्या दोघांसाठीही तुम्हीच यादी चाळायची. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, ही म्हण तुमच्या जिल्हा कार्यालयात आता हसण्यावारी नेण्यासारखी राहिलेली नाही.

हे फक्त पनवेलचं दुखणं नाही. २०१९ साली विधानसभेआधी राज्यभर 'मेगाभरती' झाली. त्याच निवडणुकीत विनोद तावडे, प्रकाश मेहता, चंद्रशेखर बावनकुळे आणि एकनाथ खडसे यांची तिकिटं कापली गेली. कोथरूडमध्ये विद्यमान आमदार मेधा कुलकर्णी यांना थांबवून चंद्रकांत पाटलांना जागा दिली. खडसे वर्षभराने राष्ट्रवादीत गेले. बाकीचे थांबले, आणि थांबलेल्यांपैकी बावनकुळे प्रदेशाध्यक्ष होऊन महसूलमंत्री झाले, तावडे राष्ट्रीय सरचिटणीस झाले, मेधाताई राज्यसभेत गेल्या. तुम्ही या उदाहरणांतून धडा घेतलात तो असा की गप्प बसलं तर कधीतरी मिळतं. मोठ्या नावांच्या बाबतीत तो धडा बरोबर ठरला. प्रभागातल्या माणसाला राज्यसभा नसते.

आता ज्यांच्यावर तुमचा रोख आहे त्या 'लोकांच्या माणसा'बद्दल. तो पक्षाच्या शिबिरातून येत नाही, गल्लीतून येतो. त्याला विचारसरणी विचारली तर तो गटार, टोल, विमानतळ असं काहीतरी सांगतो. तुम्ही त्याला उपरा म्हणता. लोक त्याला 'आपला माणूस' म्हणतात, आणि लोक काही वेडे नसतात. टोलचंच घ्या. १ जून २०१५ पासून फडणवीस सरकारने राज्यातल्या ५३ नाक्यांवर हलक्या वाहनांना सूट दिली, १२ नाके बंद केले. खारघरचा त्रास गेला. रोज कामाला जाणाऱ्या माणसाला याहून ठळक काय दाखवायचं?

किंवा नवी मुंबई विमानतळाच्या नावाचं पाहा. दि. बा. पाटील तुमच्या पक्षाचे कधीच नव्हते. त्यांची जमीन-हक्कांची भाषा तुमच्या अभ्यासवर्गात कुणी शिकवली नाही. पण २०२१ साली विमानतळाला बाळासाहेब ठाकऱ्यांचं नाव द्यायचं घाटलं, तेव्हा १० जूनच्या मानवी साखळीत आणि २४ जूनला, दिबांच्या स्मृतिदिनी, सिडकोवर गेलेल्या मोर्चात तुमचे आमदार आणि कार्यकर्ते पुढे होते. जुन्या शेकापच्या सर्वांत मोठ्या माणसाचं नाव घेऊन तुम्ही जुन्या शेकापच्या गावांत शिरलात. यात कावा होता म्हणा किंवा मनापासूनची भावना म्हणा. तो मुद्दा त्या गावांचा होता आणि जो बोलला तो त्यांना आपला वाटला. पण ८ ऑक्टोबर २०२५ ला पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झालं त्या दिवशीही नावाचा निकाल लागलेला नव्हता. 'नाव केव्हा?' हा प्रश्न त्या दिवशी पक्षात कुणी मोठ्याने विचारायला हवा होता. लोकांचा माणूस तो विचारणार नव्हता, कारण त्याला व्यासपीठावर बसायचं होतं. तुम्हाला तर व्यासपीठावर खुर्चीच नव्हती. तुम्हाला अडवणारं कोण होतं?

इथे मी तुमच्या तक्रारीच्या दुसऱ्या अर्ध्याकडे येतो.

लोकांना हवं ते देणारा नेता कुठल्याही पक्षाला लागतो. पण देताना 'पैसा कुठून?' असं विचारणारं माणूसही घरातच लागतं. पुराणमतवादी, शिस्तीचा, काटकसरीचा पक्ष म्हणून तुमची ओळख होती ती याच प्रश्नामुळे. जुलै २०२२ मध्ये पंतप्रधानांनी 'रेवडी संस्कृती'वर टीका केली तेव्हा तुम्ही ती भाषणं सगळ्या ग्रुपवर पाठवलीत. दोन वर्षांनी, विधानसभेच्या चार महिने आधी, लाडक्या बहिणीला दरमहा १५०० रुपये सुरू झाले, आणि निवडणुकीत २१०० चं आश्वासन आलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये, आचारसंहिता लागायच्या तोंडावर, मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या गाड्यांचा टोल माफ झाला. वाशी नाका त्यात होता, म्हणजे माझाही फायदाच झाला. या निर्णयांचं समर्थन करता येतं. घरकाम करणाऱ्या बाईच्या खात्यातले १५०० रुपये ही मलाही रेवडी वाटत नाही. पण दोन वर्षांपूर्वीची आपली भूमिका चुकली होती की आत्ताची चुकतेय, हे एकमेकांना विचारायला तुमच्या पक्षात कुठली बैठक झाली? वरून निरोप आला आणि तुम्ही अर्ज भरून घ्यायला टेबल मांडलंत. तेच टेबल, तोच वाऱ्यासाठी ठेवलेला दगड.

मालमत्ता कराचं तर माझ्या दारापर्यंत आलं. महापालिका झाली तरी सिडकोच्या वसाहतींत कचरा, रस्ते, दिवे ही कामं बराच काळ सिडको करत होती आणि त्यासाठी सेवाशुल्कही घेत होती. मग महापालिकेने १ ऑक्टोबर २०१६ पासूनचा कर मागच्या तारखेने मागितला. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल, सगळीकडे एकच प्रश्न: एका सेवेचे दोनदा पैसे कसे? सोसायट्यांच्या सभा झाल्या, कर भरू नका म्हणणारे आणि भरून टाका म्हणणारे असे शेजारी शेजारी भांडले, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. पुढे शास्तीत सूट देणारी अभय योजनाही आली. जुलै २०२२ ला मुदत संपेपर्यंत पालिकेत बहुमत तुमचं होतं, त्यानंतर प्रशासक आला.

२०१७ ला खारघरमधून कमळावर निवडून आलेल्या लीना गरड या प्रश्नावर उघड बोलल्या. त्यांचं आणि पक्षाचं फाटलं. २०२४ ला त्या ठाकऱ्यांच्या शिवसेनेची मशाल घेऊन प्रशांत ठाकुरांविरुद्ध उभ्या राहिल्या आणि सुमारे ४४ हजार मतं घेतली. त्यांची बाजू बरोबर होती की पालिकेची, हा वाद मी इथे सोडवत नाही. कायद्याने कर चुकत नाही हेही खरंच आहे. पण एवढ्या मोठ्या प्रश्नावर सत्ताधारी पक्षात काय चर्चा झाली, हे मला, मतदाराला, कळलं ते एक नगरसेविका बाहेर पडल्यावर. बाकीच्यांना काय वाटत होतं? आणि तुम्हाला? तुम्हीही तर त्याच सोसायटीत राहता, तुम्हालाही तेच बिल आलं होतं.

याच्या उलट शेजारचं उरण पाहा. २०१९ ला युतीत ती जागा शिवसेनेला गेली. भाजपचे महेश बालदी अपक्ष उभे राहिले, शिवसेनेच्या विद्यमान आमदाराला, मनोहर भोईरांना, हरवून निवडून आले आणि मग भाजपच्या बाजूने बसले. २०२४ ला पक्षाने त्यांना कमळ दिलं. त्याच २०२४ मध्ये राज्यात इतरत्र बंडखोरी करणाऱ्या चाळीस जणांची पक्षाने हकालपट्टी केली. बंडखोरी करून जिंकलात तर तुम्ही दूरदृष्टीचे, हरलात तर गद्दार. शिस्त म्हणतात ती हीच असेल, तर ती निकालानंतर लागू होणारी शिस्त आहे. ठाकूर आले तेव्हा जो निकष लावला, बालदी परतले तेव्हाही तोच: इलेक्टिव्ह मेरिट. तुम्ही दोन्ही वेळा मान डोलावलीत. आज तोच निकष तुमच्या नावापुढे लावला जातोय आणि तुम्हाला तो अन्याय वाटतोय.

मला विचाराल तर मूळ चूक २०१४ च्या आधीची आहे. पक्ष लहान होता तेव्हा उमेदवार निवडण्याची पद्धत लागतच नव्हती. जो पडायला तयार तो उमेदवार. चार घरची ओळखीची माणसं चहावर बसायची आणि 'या वेळी तू राहा' म्हणायची. तुम्ही त्या प्रेमाच्या कारभारालाच लोकशाही समजलात. तिकिटाला किंमत नव्हती तोवर ते चाललं. किंमत आली तेव्हा ते कुणी, कशावर, कुणाला विचारून द्यायचं याचा एकही नियम तुमच्या हातात नव्हता. मग सर्व्हे करणारी कंपनी आली, कोअर कमिटी आली, शेवटच्या रात्री खिशातून निघणारा एबी फॉर्म आला. २०२४ च्या विधानसभेआधी पदाधिकाऱ्यांकडून बंद लखोट्यात पसंतीची नावं घेतली, असं वाचलं. चांगलं पाऊल होतं. पण लखोट्यांतून काय निघालं ते कुठल्या कार्यालयाच्या भिंतीवर लागलं नाही, आणि लावा असं कुणी म्हटल्याचंही ऐकलं नाही.

तुम्ही म्हणाल, मग काय, सभासदांनी मतदान करून उमेदवार ठरवायचा? तो रामबाण नाही, हेही कबूल करतो. अमेरिकेत रिपब्लिकन पक्षाच्या मतदारांनीच २०१६ ला अनुभवी गव्हर्नर-सिनेटर बाजूला सारून ट्रम्प यांना उमेदवार केलं. पुढे त्यांच्याशी असहमत झालेल्या लिझ चेनी यांना २०२१ मध्ये पक्षातलं पद आणि २०२२ मध्ये उमेदवारी गमवावी लागली. त्यांचे वडील त्याच पक्षाचे उपराष्ट्राध्यक्ष होते, तेही कामी आलं नाही. ब्रिटनच्या हुजूर पक्षाने सप्टेंबर २०१९ मध्ये ब्रेक्झिटवर विरोधात मत दिलं म्हणून आपले २१ खासदार एका रात्रीत बाहेर काढले, त्यात चर्चिल यांचा नातू होता. डिसेंबरात बोरिस जॉन्सन यांनी ८० चं बहुमत आणलं आणि सगळे म्हणाले, बघा, बरोबर केलं. तीन वर्षांनी त्याच पक्षाच्या सभासदांनी मतदान करून लिझ ट्रस यांना पंतप्रधान केलं. त्या दोन महिनेही टिकल्या नाहीत. जुलै २०२४ ला पक्ष १२१ जागांवर आला, त्याच्या इतिहासातला सर्वांत वाईट निकाल. नाही म्हणणारे आधीच बाहेर घालवले होते, त्यामुळे घसरण चालू असताना ब्रेक लावायला आत कुणी उरलं नव्हतं.

म्हणून निवड मतदानाने झाली की कोअर कमिटीने, यापेक्षा निवडीनंतर पक्षात राहून विरोधात बोलता येतं का, हे मी जास्त महत्त्वाचं मानतो. पक्षात दोन तट असणं वाईट नाही. एक म्हणणार लोकांना आत्ता द्या, दुसरा म्हणणार परवडेल का ते बघा. यांची ओढाताण चालू राहिली तर मला बरे निर्णय मिळतात. तुमच्याकडे ही ओढाताण फक्त तिकीटवाटपाच्या आठवड्यात होते, तीही 'मला का नाही' एवढ्यावर. बाकीची चार वर्षं अकरा महिने शांतता.

आणि खरं सांगू, तुमच्या तक्रारीत मला आजवर एकदाही पाणी ऐकू आलेलं नाही. नवीन पनवेलला पाताळगंगेचं पाणी येतं, उन्हाळ्यात त्याचा दाब आणि आमचा संयम एकदमच कमी होतो. आलेला नवा उमेदवार पाण्याबद्दल चुकीचं बोलला म्हणून तुम्ही भडकलात, असं कधी झालंय का? तुमचा राग असतो तो त्याच्या मागच्या पक्षावर. मला त्याच्या मागच्या पक्षाशी काही देणंघेणं नाही. एका माणसाने १५ वर्षं सतरंज्या उचलल्या आणि दुसऱ्याने १५ दिवसांपूर्वी प्रवेश केला, हा तुमच्यासाठी मोठा फरक आहे. नळाला पाणी न येणाऱ्या घरात तो फरक शून्य आहे. सतरंजी उचलणं ही पात्रता नाही, जसं पैसा असणं ही पात्रता नाही.

तुमच्याकडे मात्र एक गोष्ट आहे जी पैशाने येत नाही. तुम्हाला यादीतलं प्रत्येक घर माहीत आहे. कोणत्या सोसायटीचं अभिहस्तांतरण अडलंय, कुठल्या इमारतीत लिफ्ट नसल्याने तिसऱ्या मजल्यावरच्या आजी मतदानाला उतरत नाहीत, विचुंबे-देवदच्या बाजूला कुठे पावसात पाणी साचतं, हे सर्व्हे करणाऱ्या कंपनीला तुम्हीच सांगता. ही माहिती तुम्ही आजवर फक्त मतं काढण्यासाठी वापरलीत. ती उमेदवाराला जाब विचारण्यासाठी वापरा.

यासाठी तुम्हाला परदेशातून काही आणायला नको. घाटाच्या पलीकडे, आज ज्याचं नाव आपल्या लोकसभा मतदारसंघाला आहे त्या मावळातून, १९५७ साली जनसंघाचे रामभाऊ म्हाळगी विधानसभेत निवडून आले. ते दरवर्षी आपल्या कामाचा लेखी अहवाल मतदारांपुढे ठेवायचे. सत्तेत नसताना, मूठभर आमदारांच्या पक्षात. त्यांच्या नावाच्या प्रबोधिनीत तुमच्यातल्या कित्येकांनी प्रशिक्षण घेतलंय, त्यांचा फोटो कार्यालयात असतो. ७८ पैकी ५१ जागा असलेल्या पालिकेत किती नगरसेवकांनी पाच वर्षांत असा अहवाल माझ्या हातात दिला, हे तुम्ही स्वतःच आठवून बघा. मला दिनदर्शिका मात्र दरवर्षी मिळाली.

तेव्हा विनंती अशी. अर्ज भरायचे दिवस आलेत. तुमच्या प्रभागातले सगळे इच्छुक, जुने-नवे, घरचे-आयात, एका सभागृहात बसवा, आणि आम्हा सोसायटीवाल्यांनाही बोलवा. त्या प्रत्येकाला सगळ्यांसमोर विचारा: मागच्या तारखेच्या करावर तुमचं मत काय, पाण्यासाठी कोणाकडे काय पाठपुरावा करणार, आणि पक्षाचा आदेश आमच्या प्रभागाच्या विरोधात गेला तर सभागृहात काय बोलणार? उत्तरं लिहून घ्या, सही घ्या, कार्यालयाबाहेर लावा. वर्षाअखेरीला म्हाळगींसारखा अहवाल देईन, हे त्याच कागदावर लिहून घ्या. रामशेठ ठाकुरांच्या घराला तीन झेंड्यांखाली लोकांमध्ये टिकून राहता आलं, म्हणजे प्रश्न ऐकायची सवय त्या घराला असणार. तेव्हा आमदारसाहेब रागावतील ही भीती मला फारशी खरी वाटत नाही. आणि रागावलेच, तर तुमचं तिकीट तसंही कापलंच जाणार होतं.

या प्रश्नांमुळे तुम्हाला उमेदवारी मिळेल असं आश्वासन मी देत नाही. कदाचित त्या सभागृहात सगळ्यांत चांगली उत्तरं पंधरा दिवसांपूर्वी आलेलाच देईल. तसं झालं तर त्याच्या चिठ्ठ्या मनापासून लिहा, आणि नंतरची पाच वर्षं त्याच्या सहीचा कागद घेऊन त्याच्या मागे लागा. तुमच्यापैकी कुणी चांगला ठरला आणि तरीही तो कापला गेला, तर मग ओरडा, मीही तुमच्या बरोबर ओरडेन. कारण तेव्हा कापली गेलेली गोष्ट तुमची हौस नसेल, माझं काम असेल.

ते प्रश्न तुमच्या बैठकीत कुणी विचारले आणि काय उत्तरं आली, एवढं मला १५ जानेवारीच्या आत कळवा. मग उमेदवार घरचा आहे की बाहेरचा, याची चौकशी मी करणार नाही.

कळावे,
आपला,
नवीन पनवेलचा एक मतदार